घंटेचा दांडा

रविवार, संध्याकाळी सात

दादाला मारलं मी. सख्ख्या भावाला, चर्चच्या अंगणात, सगळ्या मंडळीसमोर, घंटेच्या दांड्यानं.

आमची घंटा म्हणजे चिंचेला टांगलेला रेल्वेरुळाचा तुकडा. दर रविवारी मीच तो लोखंडी दांड्यानं वाजवतो. आज प्रभुभोजन होतं. त्याआधी पाळकसाहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, ज्याचं कुणाशी वैर असेल त्यानं आधी समेट करावा. सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवले. दादानं वहिनीपुढे हात केला. तिनं पदराखालून डावा काढला. उजवं मनगट सुजून काळंनिळं झालेलं. कालचा मार मी भिंतीपलीकडून ऐकला होता. आणि हा पुढे जाऊन, गुडघे टेकून प्रभुभोजनाची भाकर घेतो?

उपासना सुटल्याची घंटा वाजवायला मी दांडा उचलला, तसा तो चिंचेखाली आला. "जोरात वाजव," म्हणाला. हसत होता. पहिला तडाखा खांद्यावर बसला, तो वहिनीसाठी. दादा खाली पडल्यावरचे दोन कुणासाठी होते? बरं वाटत होतं मला, हे खरं.

दांडा वहिनीनंच हिसकावला, त्याच सुजलेल्या हातानं. ती शहाद्याकडची, रागात अहिराणीच बोलते. "आते त्यानासंगे घर माले जानं शे," म्हणाली, "तुले नही." त्याच्यासोबत घरी जायचं होतं ते तिला, मला नाही.

नंतर मी दांडा धुऊन जागेवर टांगला. रक्त नव्हतंच त्यावर, तरी धुतला.

आत्ता भिंतीपलीकडे भांडं आदळलं. मग वहिनीचा आवाज, मग तोही नाही. मी दारापर्यंत गेलो. आतून कडी लावली आणि परत येऊन हे लिहितोय.