घरात मोठं कोणी आहे का?

सोमवार, ३ फेब्रुवारी

कापला! अख्खा बटाटा, एका हातानं, मी! आमच्या अपंगांच्या प्रशिक्षण केंद्रात लाकडी फळीवर दोन खिळे उलटे ठोकून ठेवलेत. बटाटा त्यांत खुपसायचा, मग बापजन्मात हलत नाही. माझा उजवा हात जन्मापासून मुठीत मिटलेला – त्याला म्हटलं, बस बाबा, आज तुला सुट्टी.

राणीसरकारनं टाळ्या वाजवल्या आणि लगेच म्हणाली, "जाड झालेत." राणीसरकार म्हणजे माझी केंद्रातली मैत्रीण. तिला वाचता येत नाही, पण हुकूम असा सोडते की शिकवणाऱ्या ताईसुद्धा उठून उभ्या राहतात.

घरी सांगितलं. आई – "चाकू? तुझ्या हातात चाकू दिला?" बटाट्याचं कुणी विचारलंच नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

केंद्राच्या मागच्या गल्लीत एक फ्लॅट आहे. सरावाचं घर म्हणतात त्याला. दोघीदोघींनी आठवडाभर तिथं राहायचं. ताई दिवसातून एकदा डोकावणार, बाकी सगळं आपलं आपण. घरच्यांनी यायचं नाही! ताईंनी आज मला आणि राणीसरकारला विचारलं.

आई "नाही" म्हणाली. मग "बघू" म्हणाली. आमच्या घरात "बघू" हा "नाही"चाच धाकटा भाऊ. दादा म्हणाला, "अगं, जाऊ दे की तिला. सव्वीस वर्षांची घोडी झालीय." (दादाचं प्रेम असंच, खरारा केल्यासारखं.)

आई म्हणाली, "आणि रोज सकाळी तिची वेणी कोण घालणार? तू?"

वेणीला दोन हात लागतात.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

केस कापले.

पार्लरमध्ये एकटी गेले. ती बाई सारखी म्हणत होती, "आईला विचारलंय ना?" शेवटी मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या आईला विचारून कापता?" माझं बोलणं सावकाश आणि जड निघतं, पण पोचतं. तिनं कात्री घेतली. बाहेर आले तर मानेला वारा लागला. काय मस्त वाटलं!

बुधवार, १२ फेब्रुवारी

आई बोलत नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळी आई सवयीनं कंगवा घेऊन माझ्या खोलीत आली आणि तशीच उभी राहिली. मी आरशासमोर माझा भांग काढत होते, डाव्या हातानं. बराच वेळ बघत राहिली.

"वाकडा आलाय."

"असू दे."

मग कंगवा खाली ठेवला. "कधी जायचंय त्या घरात?"

रविवार, २ मार्च

आलो! राणीसरकारनं खिडकीजवळची खाट घेतली. विचारलं नाही, घेतली. मी भात केला. थोडा लागला खाली. ती म्हणाली, "जळका वास येतोय." आणि दोनदा वाढून घेतला.

मंगळवार, ४ मार्च

कपडे अजून ओले आहेत, पण लिहायचंच आहे.

स्वयंपाकघरातला नळ राणीसरकारच्या हातात आला. अख्खा! पाण्याचं कारंजं उडालं. तिला मोठा आवाज सोसत नाही – कान दाबून कोपऱ्यात जाऊन बसली. पाणी बंद करायचा कॉक ओट्याखाली, गंजलेला. माझ्या एका हातानं ढिम्म हलेना. तिच्या हातांत बैलाचं बळ, पण ते हात कानांवर!

मी ओरडणार होते. नाही ओरडले. पाण्यातच तिच्याशेजारी फतकल मारली. म्हटलं, "तुझे कान मी धरते. तू फिरव." एक कान माझ्या तळहातानं दाबला, दुसरा माझ्या खांद्याला चिकटवला. दोघी तशाच सरकत ओट्याखाली गेलो. तिनं डोळे मिटून फिरवला. बंद!

मग प्लंबरला फोन. माझं बोलणं ऐकून म्हणाला, "प्यायलीस का गं?" आणि ठेवला. रडू आलं. राग जास्त आला. परत लावला. "प्यायलेली नाही. माझा आवाजच असा आहे. पत्ता लिहून घ्या." या वेळी त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

आला. माझ्या डोक्यावरून आत बघत म्हणाला, "घरात मोठं कोणी आहे का?"

मी तोंड उघडेपर्यंत मागून राणीसरकार आली. केसांतून पाणी गळतंय, कमरेवर हात.

"आम्हीच मोठ्या आहोत. बूट बाहेर काढ."

काढले! मुकाट्यानं!

रविवार, ९ मार्च

घरी आले. नळाचं सांगितलं तेव्हा आईचा चेहरा पांढराफटक पडला. संध्याकाळी मात्र जिन्यात शेजारच्या काकूंना सांगताना ऐकलं – "छतापर्यंत पाणी! पण आमच्या पोरी डगमगल्या नाहीत." छतापर्यंत कसलं, घोट्यापर्यंत होतं. मी दुरुस्त केलं नाही. दाराआड उभी राहून सगळं ऐकलं. मग ती परत पहिल्यापासून सांगायला लागली, तेही ऐकलं.

गुरुवार, १० एप्रिल

ताईंनी आम्हा दोघींना बोलावलं. ते घर आता आम्हाला राहायलाच द्यायचं म्हणतात. सरावाला नाही. कायमचं.

भीती वाटली. न्हाणीघरात पाय घसरला तर? राणीसरकारला ताप आला तर? राणीसरकार म्हणाली, "मला आला तर तू आहेस. तू पडलीस तर मी उचलीन. खिडकी माझीच." मी हो म्हटलं.

घरी सांगितलं. दादानं पाठीत धपाटा घातला. आई भात ढवळत राहिली. गॅस केव्हाच बंद झाला होता.

शुक्रवार, ११ एप्रिल

डबा भरता भरता आईनं पाठमोरीच विचारलं, "मला अधूनमधून जेवायला बोलावशील ना?"

"घरी येशील ना" नाही. बोलावशील!