निम्म्या पोकळ गिटारीचे मूळ आणि माझी इतर मिळकत

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वी हॉटेलच्या वाद्यवृंदात गिटार वाजवत असे आणि आता खालच्या मजल्याच्या मते उगाचच वाजवते, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. भाच्याने मागितल्यास तो दाखवावा. तो मागेलच.

कलम एक. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या धाकट्या बहिणीला द्याव्यात. तिने त्या विकाव्यात, भाड्याने द्याव्यात किंवा नुसते कुलूप लावून ठेवावे. तिच्या सुनेने मात्र भिंतींना गुलाबी रंग देऊ नये. मी नसले तरी मला ते आवडणार नाही.

कलम दोन. बँकेत जे शिल्लक असेल ते, माझ्या शेवटच्या खर्चाला पुरून उरले तर, आमच्या वाद्यवृंदातल्या ट्रंपेटवाल्याला द्यावे. त्यातून त्याने ऐकण्याचे यंत्र घ्यावे. त्याला नीट ऐकू येत नाही, हे आम्हा बाकीच्यांना तो वाजवत होता तेव्हाच कळले होते.

कलम तीन. माझ्या दिवंगत पतींची हत्यारांची पेटी तळमजल्यावरच्या गृहस्थांना द्यावी. निम्मी हत्यारे "आत्ता आणून देतो" म्हणून त्यांच्याकडे गेलेलीच आहेत. उरलेलीही घेऊन जावीत, म्हणजे जोड्या तरी जुळतील.

कलम चार. गिटार. हे कलम लांब झाले आहे. वकीलसाहेबांनी आवरते घ्यायला सांगितले होते, पण ते मला स्टेजवरसुद्धा कधी जमले नाही.

सदर गिटार विजेची, रंगाने गर्द लाल, निम्मी पोकळ आहे. म्हणजे मधोमध भरीव ठोकळा, दोन्ही कुशींना पोकळी आणि पोटावर दोन वळणदार भोके. लग्नाआधी मी ह्यांना थट्टेने म्हटले होते, "अमेरिकन गिटार आणलीत तर लग्नाचं बघू." हे मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. पुढच्या फेरीहून परतले ते घरी न जाता गिटार घेऊन थेट माझ्या दारात. "अस्सल अमेरिकन," म्हणाले. गिटारीच्या डोक्यावर कंपनीचे नाव नव्हते, अक्षरे चिकटवल्याच्या खुणा तेवढ्या होत्या. "खाऱ्या हवेनं गळली," म्हणाले. मी लग्न केले.

सासरच्यांच्या लेखी त्या वर्षी घरात दोन नको त्या गोष्टी आल्या, मी आणि गिटार. त्यातली गिटार निदान अमेरिकन होती. माझी नणंद दंतवैद्य. "आमच्या दादानं अमेरिकेहून आणलेली गिटार" तिने रोग्यांना इतकी वर्णन करून सांगितली की निम्म्या शहराला ती माहीत झाली. रोग्यांच्या तोंडात हत्यारे असल्याने कोणी शंका घेऊ शकला नाही. मला ऐकायला मात्र ती हॉटेलात एकदाही आली नाही.

हे गेल्यावर नणंदेचा मुलगा, म्हणजे वर सांगितलेला भाचा, दर रविवारी येऊ लागला. आधी माझे गुडघे, मग रक्तदाब, मग गिटार, अशा क्रमाने चौकशी करी. एका रविवारी त्याने गुडघे वगळले. "मामी, जुन्या अमेरिकन गिटारींना सोन्याचा भाव आलाय. दाखवून तर आणतो!" गिटार घेऊन तो वाजतगाजत गेला आणि तासाभरात तोंड पाडून परतला.

"जपानी आहे, मामी. दुकानदारानं उलटी केली, मानेखालचे चार स्क्रू बघितले आणि पेटी बंद केली. मामानं आयुष्यभर फसवलं तुला."

पुढच्या रविवारी त्याला काम निघाले. त्याच्या पुढच्याही. माझे गुडघेही बहुधा जपानी निघाले.

त्याच्याऐवजी नणंद आली. तीन मजले चढून, धापा टाकत, हातात दवाखान्याची बॅग. "माझा दादा खोटं बोलणार नाही. काढ ती बाहेर."

जेवणाच्या टेबलावर टॉवेल पसरून आम्ही गिटार आडवी केली. नणंदेने डोक्याला दिवा बांधला, दात बघायचा आरसा काढला आणि सवयीने गिटारीला म्हणाली, "आ करा." मी हसले. ती हसली नाही.

भोकातून आरसा घालून तिने आतला कोपरान् कोपरा पाहिला. कागद नाही, शिक्का नाही. भोकाच्या कडेला लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवलेले दिसले. मी वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात या घाटाच्या अमेरिकन गिटारींची मान सरसाने बसवलेली होती. आमची मागून स्क्रूंनी आवळलेली. पुस्तकाच्या शेवटी मात्र हुबेहूब आमचीच गिटार सापडली, तीही पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी. जपानातल्या एकेका कारखान्यातून गिटारी निघत आणि परदेशातला जो व्यापारी मागवेल त्याचे नाव डोक्यावर लावून रवाना होत.

"बघ!" नणंद उसळली. "म्हणजे अमेरिकेत विकायलाच गेली असणार. दादानं तिथंच घेतली."

मुद्दा बिनतोड होता. मी म्हटले, "वन्सं, तुमचं खरं असेल. चहा टाकू?"

पण सुरू केलेला दात अर्धवट सोडणे तिच्या स्वभावात नाही. तारा सैल करायला लावून तिने मानेचे चारही स्क्रू काढले. मान सुटली. खाचेत पेन्सिलीने दोन जपानी अक्षरे काढलेली होती. तिचा एक जुना रोगी जपानी शिकवत असे. फोटो पाहून त्याने लगेच कळवले, "तपासले, एवढंच लिहिलंय." कारखान्याचे नाव काही शेवटपर्यंत कळले नाही.

मग तिने स्क्रूंखालची पितळी पट्टी उलटी केली आणि दिव्याखाली धरली. पट्टीच्या आतल्या बाजूवर जहाजाचे नाव कोरलेले होते आणि त्याखाली शब्द होते, "आणीबाणीचा दिवा."

पुस्तकातल्या चित्रात याच पट्टीवर जपानचे नाव होते. ती मूळ पट्टी काढून ह्यांनी जहाजाच्या स्विचबोर्डाची पाटी कापली होती, कडा घासून गोल केल्या होत्या आणि उलटी बसवली होती. डोक्यावरची अक्षरे कोणत्या हवेने गळली, तेही मग वेगळे सांगायला नको.

नणंद खुर्चीत बसली. "खोटारडा," म्हणाली. मग तिचा आवाज चिरकला. "तुला फसवलं ते समजू शकते, तुझ्याशी लग्न करायचं होतं. मी सख्खी बहीण! मला तरी सांगायचं ना गं!"

ती रडत होती आणि मला राग येत नव्हता. जहाजाच्या एखाद्या कोपऱ्यात, वरिष्ठांची नजर चुकवून पितळ घासत बसलेला तरुण माणूस तेवढा दिसत होता. मी जपानी गिटारीलाही हो म्हटले असते. गिटार नसती आणली तरी म्हटले असते. मला लग्न ह्यांच्याशी करायचे होते, अमेरिकेशी नव्हे.

आम्ही दोघींनी मान पुन्हा बसवली. पट्टी होती तशीच, उलटी लावली. तारा आवळल्यावर नणंद म्हणाली, "आता वाजते का बघ तरी."

मी वाजवले. इतक्या वर्षांत तिने प्रथमच ऐकले. ऐकून झाल्यावर बराच वेळ बॅग आवरत बसली आणि दाराशी जाऊन म्हणाली, "मंगळवारी दवाखाना बंद असतो. शिकवशील?"

आता ती दर मंगळवारी येते. दात उपटून बोटे भक्कम झाली आहेत, त्यामुळे तारा दाबताना त्यांचा जीव घेते. तरी सुरात येते आहे.

कलम पाच. गिटारीची पेटी मी मागाहून वेगळी घेतली होती. तिच्या झाकणावर कारखान्याचे नाव शाबूत असून ती निःसंशय अमेरिकन आहे. ती भाच्याला द्यावी. रिकामी.

कलम सहा. गिटार नणंदेला द्यावी, असे येथे लिहिले होते. आज सकाळी सह्यांसाठी जमलो तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, "ज्यांना काही मिळणार आहे त्यांनी साक्षीदार होऊ नये." नणंद साक्षीसाठी इस्त्रीची साडी नेसून आली होती. "तू मेल्यावर मिळणारी गिटार मला नकोच," ती म्हणाली. "आत्ता दे." मी सर्वांसमक्ष ती तिच्या हातात दिली. सबब गिटार आता माझ्या मिळकतीत नाही. मग कलम चारही काढून टाकू, असे वकीलसाहेबांनी सुचवले. मी म्हटले, "मग माझ्याकडे राहिलं काय?" त्यांनी ते राहू दिले.

ठिकाण: माझे जेवणाचे टेबल.
तारीख: वकीलसाहेबांच्या शिक्क्यावर आहे तीच.

मृत्युपत्र करणारीची सही.

साक्षीदार पहिले: वकीलसाहेबांचे कारकून. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरी: नणंद, दंतवैद्य. सही माझ्यासमोर झाली. वहिनीची प्रकृती ठणठणीत असून सर्व दात स्वतःचे आहेत. या कागदाचा उपयोग करण्याची तिने मुळीच घाई करू नये. माझे पहिलेच गाणे अजून अर्धे राहिले आहे.