जहाजावर गेला तो कोण

मुलुंड, सोमवार, ३ सप्टेंबर १९८४
दुपारी एक अनोळखी बाई दारात उभी. नाव सुलोचना. मॉरिशसहून आलेली, तिकडे शाळेत मराठी शिकवते, माझा पत्ता आमच्या वाडीत मिळाला, असे सांगते. उंबरठा ओलांडण्यापूर्वीच मला काका म्हणाली. "काका, आमी तुमचेच. माजे पणजे जहाजावर चढले. ऊस कापायला नेले त्यांना."
जहाजावरील मजुरांच्या नोंदीची नक्कल पुढे केली. इंग्रजी. अठ्ठेचाळीस वर्षे छापखान्यात खिळे जुळवले. इंग्रजी अक्षरे उलटीही ओळखतो, अर्थ लागत नाही. सूनबाईस वाचावयास दिले. मंगल मॅट्रिक आहे. पांडू, बापाचे नाव भिकू, आणि आमचे मूळ गाव.
पांडू भिकू म्हणजे माझे आजोबा. ते वाडीतल्या घरी, माझ्या डोळ्यांदेखत वारले. मी सात वर्षांचा होतो. तसे स्पष्ट सांगितले. चहा दिला.

बुधवार, ५ सप्टेंबर
समुद्रात गेले ते आजोबांचे थोरले बंधू गोविंद. गलबत बुडाले, प्रेत मिळाले नाही. बारा वर्षे वाट पाहून दर्भाचा पुतळा जाळला. तेव्हापासून पितृपक्षात आमच्याकडे म्हाळाला त्यांचे पान वेगळे आणि बिनमिठाचे. खाऱ्या पाण्याने नेलेल्यास मीठ वाढायचे नाही.
मग ही बाई पांडूचे नाव का घेते? वाडीतली कलमांची बाग अजून पांडू भिकू याच नावावर आहे. निपुत्रिक मामाने मृत्युपत्राने भाच्यास दिलेली. तेव्हाच आजोबा आजीला व तान्ह्या मुलाला घेऊन मूळ गाव सोडून वाडीत आले.
हेतू उघड आहे. सातबारा ट्रंकेतून काढून गादीखाली ठेवला.

रविवार, ९ सप्टेंबर
सु. पुन्हा आली. परीक्षा घेतली. कुलदैवत बरोबर सांगितले. ते कोणीही सांगेल. मूळ गावच्या विहिरीला पायऱ्या किती, ते येईना. मंगल आतून म्हणाली, "मामंजी, पाहुणी आहे हो ती. चोर पकडल्यासारखं काय विचारता?"
बागेचा विषय मीच काढला. सु. हसली. "बाग काय विमानात भरून नेऊ, काका?"
हसणे हे उत्तर नव्हे.
जाताना म्हणाली, पणजे मरेपर्यंत सांगत, घरी बायको आहे, तान्हा मुलगा आहे. मुलाचे नाव विचारले. "सखाराम."
माझ्या वडिलांचे नाव तिला वाडीत कोणीतरी सांगितले असेल. असेलच.

शनिवार, १५ सप्टेंबर
विलेपार्ल्यास आक्कांकडे गेलो. माझ्या थोरल्या भगिनी, ऐंशी उलटलेल्या. आजीच्या अखेरच्या दुखण्यात उशाशी त्याच होत्या. सारे ऐकले, अडकित्ता थांबला नाही.
"आजोबा मूळ गावी परत कधी गेले का रे? लग्नाला, मयताला?"
नाही.
"म्हाळाला घरात जेवले कधी?"
तेही नाही. गोविंदाचे पान मांडले की काठी घेऊन बागेत जात. भावाचे दुःख, असे मी समजत आलो.
"तापात आजी त्यांना काय म्हणायची माहितीये? भावोजी. भावोजी, पाणी द्या. सगळे म्हणाले, वात झालाय."
नवऱ्यास कोणी भावोजी म्हणत नाही. ते नवऱ्याच्या भावास म्हणतात.
तापात माणूस वाटेल ते बोलतो, असे मी म्हणालो.
"वाटेल ते नाही रे, मनातलं बोलतो. त्या पोरीला काय सांगणार आहेस?"
चहा न घेता निघालो.

बुधवार, १९ सप्टेंबर
नीट मांडून पाहिले. पांडू खरोखर जहाजावर चढला असेल, तर वाडीत राहिला तो गोविंद. धाकट्याचे नाव, बायको, मुलगा, मामाची बाग, सर्व घेऊन नव्या जागी आला, जिथे दोघांचा चेहरा कोणास ठाऊक नव्हता. आणि स्वतःच्याच नावाचा पुतळा जाळला.
किंवा गोविंदच पांडूचे नाव सांगून चढला असेल. पण मग सखारामला आपला मुलगा का म्हणाला?
मला खांद्यावर बसवून बाग दाखवणारा तो म्हातारा. त्याच्याविषयी मी हे लिहितो आहे.
सु. त्या रविवारनंतर आली नाही. काय करीत असेल? तलाठ्याकडे...
मंगल म्हणते, तिला ताप आहे.

सोमवार, २४ सप्टेंबर. सर्वपित्री अमावास्या.
सु. परवा परत जाणार. मीच तिला जेवावयास बोलावले. अशक्त दिसते. आक्कांनी सांगितलेले तिला अजून सांगितलेले नाही.
मंगलने सवयीप्रमाणे ते पान बिनमिठाचे वाढले. मी म्हणालो, "मीठ वाढ."
"अहो मामंजी, बुडालेल्यांचं पान ना ते?"
"या घरातले कोणी बुडालेले नाही."
मंगलने मिठाची वाटी आणली. मग वाढले.
पानाभोवती पाणी फिरवताना नाव घ्यावे लागते. आजवर मोठ्याने घेत आलो. ओंजळीत पाणी घेऊन उभा राहिलो. सु. मागून हळूच म्हणाली, "काका, नाव घ्या ना. मीबी घेते तुमच्यासंगं."
पाणी बोटांतून गळून गेले. पुन्हा घेतले. ओठ हलवले, नाव घेतले नाही. तिला वाटले, घेतले.
जेवणे झाली. ती मोरीत हात धुते आहे. बाहेर येईपर्यंत एवढे लिहून घेतो. सातबारा अद्याप गादीखालीच आहे. मी त्याच गादीवर बसलो आहे.