जळका झाडू

हेंदार्तो साहेब,

हायड्रोजनची आग उन्हात दिसत नाही, म्हणून माझा नवरा तुकिरान गळती तपासायला झाडू पुढे धरून पाइपापाशी गेला. झाडू पेटला. तो विझवून, मी स्वयंपाक करते त्या कँटीनमध्ये त्याने तुमच्यापुढे आणला. "साहेब, प्लांट बंद करा!"

"आज बिनअपघाताचे हजार दिवस झाले. आधी समारंभाचा हा पिवळ्या भाताचा डोंगर कापू दे, मग बघू." हसत झाडू तुम्ही माझ्या चुलीपाशी भिरकावलात.

तो परत पाइपापाशी गेला आणि भात वाढेपर्यंत स्फोट झाला. त्यात तुकिरान गेला. वर चौकशीत तुम्ही सांगितलंत, गळती त्याने कळवलीच नाही!

उद्या तुमच्या बढतीचा भात मीच रचणार आहे. भाताच्या डोंगराचा शेंडा मानकऱ्याला देतात, तो तुमचा. तो वाढताना ताटात मी जपून ठेवलेला तो जळका झाडूही ठेवीन आणि तुमच्या शेजारी जेवायला बसणाऱ्या चौकशी अधिकाऱ्यांना सगळं सांगेन.

हे पत्र मात्र पाठवणार नाही. नाहीतर तुम्ही जेवायलाच यायचे नाहीत.

तुमचं ताट वाढणारी,
सुमिनेम