पोपटी साडी आणि कपाटावरचा डबा

५ नोव्हेंबर, बुधवार

बकुळाचा फोन. नणंद माझी, विठ्ठलवाडीला असते. तिच्या सुयोगचं लग्न ठरलं. सोळा तारखेला रविवारी पत्रिका घेऊन येतेय. म्हटलं ये बाई, मामीशिवाय हळद लागते का? तर म्हणे, तुमचा मान काढून ठेवलाय वहिनी, एक ब्लाउजपीस. जयदेवच्या हळदीत तुम्ही मला तेवढंच दिलं होतं. फिट्टंफाट.

पंधरा वर्षं हेच तुणतुणं. जयदेव माझा एकुलता एक मुलगा, त्याच्या सख्ख्या आत्याला मी ब्लाउजपीसवर भागवीन? साडी दिली होती. पोपटी, जरीकाठाची. दोन घेतल्या होत्या, एक तिला, एक मला. माझी अजून कपाटात आहे. तिची कुठे गेली ते तिला विचारा.

लग्नाचा व्हिडिओ आहे. रविवारी टीव्हीवर लावते. मोठ्ठा. मग बघू हळदीत मामीला कुठे बसवते ते.

आजपासून नियम: बकुळाबद्दल वाईट बोलायचं नाही. बाई खोटारडी आहे, पण आपण बोलायचं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सीडी सापडली. बाल्कनीत. कबुतरांसाठी मीच दोरी बांधून टांगली होती. उन्हाने पार गेली. जयदेव ओरडला. म्हटलं तूच म्हणालास ना, सगळं डब्यात भरलंय, सीडीचं आता काही काम नाही? तिला काम नव्हतं, मी काम दिलं. तेव्हापासून एक कबुतर फिरकलेलं नाही.

डबा म्हणजे त्याने उल्हासनगरला कॅम्प एकमधून आणलेलं यंत्र. चपलेच्या खोक्याएवढं. हॉलमध्ये कपाटावर बसून घूं घूं करतं. घरातली लग्नं, बारशी, सगळ्यांचे फोटो त्याच्या पोटात. आणि बेडरूममध्ये जुना लॅपटॉप आहे, मान मोडलेला. तो या डब्यातलं काढतो आणि टीव्हीवर दाखवतो. जयदेव त्याला सर्व्हर म्हणतो. डब्यातून काढून पुढ्यात ठेवणारा म्हणजे वाढपीच की.

संध्याकाळी दोघांचं जुळवलं. टीव्हीवर बदामात दोन नावं आली, जयदेव आणि श्रद्धा. म्हटलं बस, बंद कर. पुढचं बकुळासमोरच बघायचं. मला काय बघायचंय? मला सगळं तोंडपाठ आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सून दवाखान्यात रिसेप्शनला, मुलगा अंबरनाथला कंपनीत, नात मनाली शाळेत. दुपारी आडवी व्हायच्या आधी नेहमीसारखी घरातली सगळी बटणं बंद केली. वीज फुकट जळत असते, कुणाला पडलेली नाही. उठल्यावर परत लावली.

संध्याकाळी टीव्हीवर फोल्डर रिकामं. जयदेव म्हणाला, लॅपटॉपला डबा सापडत नाही. एकाच घरात? मध्ये एक भिंत! म्हटलं याच्यापेक्षा तुझे बाबा बरे, त्यांना निदान जेवणाचा डबा सापडायचा.

आमचे हे हसले नाहीत. पेपरात होते.

८ नोव्हेंबर, शनिवार

कारण कळलं. डब्याचा नंबर बदलला. वायफायचं खोकं घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतं म्हणे. लॅपटॉपला पाच पाठ, आणि डबा नवावर जाऊन बसलेला. म्हटलं भाडेकरूसुद्धा अकरा महिने एका जागी टिकतो. जयदेवने लॅपटॉपला नऊ शिकवले. बदाम आला.

यापुढे त्या यंत्राला कुणी हात लावायचा नाही, मी सगळ्यांना बजावलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

दुपारी बटणं बंद केली, झोपले, उठून लावली. संध्याकाळी फोल्डर रिकामं. आता डबा सातावर.

माझं डोकं चाललं. वरच्या मजल्यावरचा हेमचंद्र आपलं वायफाय चोरतो, त्याच्यामुळे नंबर हलतात. वर जाऊन सुनावलं. तो म्हणाला, मावशी, माझ्याकडे तुमच्याहून फास्ट आहे. म्हटलं चोर असंच म्हणतो. त्याच्या बायकोने पोहे दिले. खाल्ले. पोह्यांशी आपलं वैर नाही.

खाली येऊन जयदेवला पासवर्ड बदलायला लावला. आता कायमचा बंदोबस्त.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बंदोबस्त झाला नाही. परत पाचावर! जयदेवने सात शिकवून ठेवले होते.

यांना घेऊन कॅम्प एकला दुकानात गेले. शेठला म्हटलं, तुझा डबा घरातल्या घरात भटकतो. तो म्हणाला, अम्मा, बंद तो नहीं करती ना? इसको चौबीस घंटा चालू रखने का. म्हटलं लाइटबिल तू भरणार का? गप्प बसला. माणूस गप्प बसला की समजायचं, खोट त्याच्याच मालात.

परतताना हे म्हणाले, तो चालू ठेवायला सांगत होता. म्हटलं तुम्हाला हिंदी कळत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जयदेव माझ्यावर खेकसला. रोज कंपनीतून आल्यावर हेच करू का म्हणाला. त्याचंही बरोबर आहे, पण आईवर खेकसायचं नाही. जेवताना मी बोलले नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

डब्याला दृष्ट लागली असणार. लिंबू-मिरची बांधली. वरून माझं विणलेलं झाकण घातलं, धूळ नको. श्रद्धाने झाकण काढलं, म्हणाली, आई, तो गरम होतो. म्हटलं थंडी येतेय, होऊ दे गरम.

पोपटी साडी इस्त्रीला टाकली. रविवारी तीच नेसणार. टीव्हीत तिची पोपटी, समोर माझी पोपटी. बकुळाला जोडी दिसली पाहिजे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बकुळाचा फोन. वहिनी, ब्लाउजपीस कुठल्या रंगाचं आणू?

नियम मोडला. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

श्रद्धा दवाखान्यातून लवकर आली. मी नुकती आडवी झालेली. हॉलमध्ये उभी राहून म्हणाली, आई, हे सगळं बंद कुणी केलं?

म्हटलं मीच. रोज करते. तुम्ही लोक घरात असता कधी?

ती सोफ्यावर बसली. जयदेवला फोन लावला. बराच वेळ तिला बोलताच येईना, नुसती हसत होती. मग मला समजावलं. वायफायचं खोकं आणि डबा दोघं बंद झाले की जुने नंबर विसरतात. बटण लावलं की परत वाटप. जो आधी उठेल त्याला पहिला नंबर. आणि मी कधी टीव्ही आधी लावते, कधी डबा. नळाच्या रांगेसारखंच हे. मग तसं सांगायचं ना आधी!

आणि खरं सांगायचं तर शोध माझ्यामुळेच लागला. मी बंद केलंच नसतं तर कळलं असतं का कुणाला?

बटणावर आता चिकटपट्टी. मनालीने वर स्केचपेनने हात काढलाय, त्यावर फुली. माझाच हात आहे. बांगड्या काढल्यात.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

डबा जागेवर. बदाम येतोय. पोपटी नेसले. आज बकुळाचं तोंड बघण्यासारखं होणार. मी जिंकल्यावर मोठ्या मनाने माफ करायचं ठरवलंय.

त्याच दिवशी, संध्याकाळ

आली. चहा झाला. मी म्हटलं, पत्रिका राहू दे बकुळा, आधी हे बघ.

हळद लागली. टीव्हीवर मी आले, जांभळ्या साडीत, हातात ताट. ताटात पोपटी साडी, स्पष्ट. मी म्हटलं, बघ! बकुळा बघत होती. टीव्हीत मी तिला कुंकू लावलं. ताटातून ब्लाउजपीस उचललं, तिच्या हातात ठेवलं. साडी ताटातच. ताट घेऊन मी निघून गेले.

म्हटलं थांबा, नंतर दिली असेल. जयदेवने पुढे सरकवलं. संध्याकाळचं रिसेप्शन आलं. स्टेजवर मी. पोपटी साडी नेसलेली.

सगळ्यांनी टीव्हीकडे बघितलं. मग माझ्याकडे. पदराला तीच जरीची कोयरी, अख्ख्या पडद्यावर. म्हटलं दोन होत्या.

तेव्हा आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. पंधरा वर्षांत या विषयावर तोंड उघडलं नव्हतं. म्हणाले, एकच होती. दुकानात मी होतो. घरी येऊन तू म्हणालीस, हा रंग बकुळाला उठून दिसणार नाही.

हे मला आठवत नाही. पण रंगाबद्दल बोलले असेन तर बरोबरच बोलले असेन.

बकुळा हसून हसून ठसकली, श्रद्धाने पाणी दिलं. मग पिशवीतून तिने काढली ती साडी. आमसुली, भारीतली. ब्लाउजपीस नव्हतंच. माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, मामीचा मान आहे वहिनी, हळदीला ही नेसून पहिल्या पाटावर बसायचं. आणि ही अंगावरची धुऊन माझी मला आणून द्यायची.

जयदेव म्हणाला, आत्या, एवढा तुकडा कापून फॅमिली ग्रुपवर टाकू का? मी म्हटलं खबरदार. बकुळा म्हणाली, टाक.

पोपटी उतरवून ठेवली. तशीही ती मला घट्ट होते.

कॅमेरावाला एकाच बाजूने उभा होता, हे कुणी बघितलं नाही.

सगळे बकुळाला रिक्षापर्यंत सोडायला खाली गेले. मी चिकटपट्टी काढली आणि बटण बंद केलं. म्हटलं जा आता नंबर बदलून, कुणाला सापडू नकोस. वायफाय विझलं, टीव्ही विझला.

कपाटावर घूं घूं चालूच. सकाळीच जयदेवने डबा इन्व्हर्टरवर टाकलाय. मला न विचारता.