आमच्याकडे इंटरनेट रविवारी येतं

१९ नोव्हेंबर १९९८, गुरुवार. संध्याकाळी ७

रोजनिशी पुन्हा सुरू करत आहे. जूनपासून बंद होती, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं. आज घडलं. तुषार येऊन गेला.

बंगलोरहून कंपनीच्या कामासाठी मुंबईला आला होता. तिथून गाडीने वापी, पुढे रिक्षाने सिल्वासा. एकूण मुक्काम तीन तास चाळीस मिनिटं. जेवला. वरणाला नावं ठेवली नाहीत. घड्याळ मात्र चारदा पाहिलं. जाताना स्वतःच्या खिशातलं यंत्र काढून माझ्या हातात ठेवलं. तळहाताएवढं, राखाडी, वर काच. बाजूच्या खाचेत प्लॅस्टिकची काडी, तिने काचेवर लिहायचं. म्हणाला, बाबा, ही डायरी आहे, यात पत्ते आहेत, आणि इंटरनेटसुद्धा येतं. माझं सगळं पुसलंय, आता तुम्ही तुमचं भरा.

स्वतःची वापरती वस्तू काढून दिली मुलाने. शैलजा असती तर म्हणाली असती, जुनी झाली म्हणून दिली. तिला वस्तूंमधलं कळत नसे.

२० नोव्हेंबर

संकल्प. रोज एक तास यंत्राचा अभ्यास. महिन्याभरात ही कागदी रोजनिशी बंद. तुषारशी रोज इंटरनेटवरून पत्रव्यवहार. फोनवर माणूस 'बरं आहे, बरं आहे' म्हणत राहतो, पत्रात मोकळा होतो. निवृत्तीला चौदा महिने उरलेत, तोवर आपण पूर्ण कॉम्प्युटरवाले झालेलो असू.

ऑफिसात यंत्राची नस्ती उघडली. विषय: हस्तयंत्र. सध्या आत एकच कागद आहे, त्यावर विषय लिहिला आहे.

२२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.०५

मोठा दिवस. बरोबर नऊच्या ठोक्याला यंत्र आपोआप वाजलं. तीनदा टिवटिव. काचेवर इंग्रजीत बारीक ओळी आल्या, खाली चौकटीत 'ओके'. चष्मा स्वयंपाकघरात होता. पण चौतीस वर्षं ऑफिसात काढलेल्या माणसाला चष्मा लागत नाही. ओके म्हणजे 'पाहिले'. दिवसाला शंभर कागदांवर मी 'पाहिले' लिहून सही ठोकतो. वाचत बसलो असतो तर हेड क्लार्क झालो नसतो. काडीने ओके टोचलं. ओळी गेल्या. म्हणजे दाखल झाल्या.

घरी इंटरनेट आलं.

९.४०. फोन आलेला नाही. शैलजा गेल्यापासून दीड वर्षं, रविवारी नऊला तुषारचा फोन कधी चुकला नाही. कोणी आठवण करून द्यावी लागत नाही त्याला. ऑफिसात मी हे सगळ्यांना सांगतो.

१०.२०. रिसीव्हर उचलून पाहिला. सूर येतोय.

१०.३०. उलगडा झाला! नऊ वाजता आलेला संदेश त्यानेच पाठवला होता. इंटरनेटवरून खुशाली कळवल्यावर तो फोन कशाला करेल? हुशार आहे. मीच जुन्या वळणाचा.

२३ नोव्हेंबर

घरी आवक-जावक रजिस्टर घातलं. आवक क्र. १, दि. २२, वेळ ९.००, कोणाकडून: चि. तुषार, विषय: खुशाली, शेरा: पाहिले.

ऑफिसात जाहीर केलं की आमच्याकडे इंटरनेट रविवारी येतं. साहेबांनी विचारलं, इतर दिवशी? म्हटलं, सिल्वासासारख्या ठिकाणी रोज कसं येईल साहेब. त्यांना पटलं. त्यांच्या कॉलनीत पाणी दिवसाआड आहे.

२६ नोव्हेंबर

उत्तर लिहायला बसलो. काचेखालच्या पट्टीत काडीने एकेक इंग्रजी अक्षर काढायचं, यंत्र ते ओळखून वर छापतं. शाळेत सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस होतं मला. 'डिअर तुषार' लिहायला पस्तीस मिनिटं लागली. वर जे छापून आलं ते कुठल्याही भाषेत नव्हतं. यंत्र इतकी वर्षं तुषारच्या अक्षरावर वाढलंय, वळणदार अक्षराची त्याला सवय नाही. होईल हळूहळू.

तेच पत्र ठेवून दिलं. पाठवण्याचं बटण सापडलं नाही, पण संदेश येताना आपोआप येतो, तर जातानाही आपोआप जात असणार.

२९ नोव्हेंबर, रविवार

आवक क्र. २. नऊ वाजता. पाहिले.

फोन नाही. बायडाबाईने पोळ्या लाटता लाटता विचारलं, साहेब, आज तुमच्या पोराचा फोन नाय वाजला? सामरवरणीहून चालत येते, माझ्याकडे सहा वर्षं स्वयंपाक करते, रविवारी नऊचा फोन तिलाही पाठ आहे. तिला यंत्र दाखवलं. म्हणाली, अशी पाटी माझ्या नातवाकडं हाय, वरचा कागुद उचलला का पुसतं. मी तिला समजावण्यात वेळ घालवला नाही.

६ डिसेंबर, रविवार

आवक क्र. ३. पाहिले.

वरच्या मजल्यावरचा समाधान सुट्टी म्हणून खाली आला. जळगावकडचा, नरोलीच्या धाग्याच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करतो. यंत्र उलटंसुलटं करून म्हणाला, काका, माल एकदम फर्स्ट क्लास शे. पण इंटरनेटला टेलिफोनची वायर लागते ना, अन् वापीचा नंबर फिरवावा लागतो. आमच्या मॅनेजरकडे बघितलं मी. ही वायर कुठे शे तुमची?

मी म्हणालो, ही नवीन जात आहे, बिनवायरची. तो म्हणाला, असेल काका. मशिनींत राहून माणूस संशयी होतो.

१३ डिसेंबर, रविवार. दुपारी

आवक क्र. ४. पाहिले.

आज साडेआठलाच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून यंत्रासमोर बसलो होतो. टिवटिव झाली, ओके टोचलं, नऊ वाजून एका मिनिटाला सगळं संपलं. वाचायचं ठरवलं होतं. चष्माही लावला होता. पण हातच आधी जातो.

मग दिवस उरला. रविवार फार लांब असतो. रस्त्यावर गुजरातेतून आलेल्या गाड्या हॉटेलांपुढे उभ्या, पिऊन बाहेर पडणारी माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. मी गॅलरीतून दोन तास पाहिलं. चार वाजता यंत्र पुन्हा वाजेल असं उगाच वाटलं. वाजलं नाही.

फोनवर तो विचारायचा तरी. बी.पी. काय म्हणतंय, गुडघा कसा आहे. मी सांगायचो, उत्तम. खोटं बोलायलाही समोर कोणीतरी लागतं.

हे शेवटचं वाक्य खोडायचं आहे.

२० डिसेंबर, रविवार

आवक क्र. ५. पाहिले. गुडघा दुखतो.

२३ डिसेंबर, बुधवार

मीच फोन केला. तसं कारण काही नव्हतं, लाइन तपासायची होती. सूनबाईने उचलला. मृणाल बोलायला गोड आहे. म्हणाली, अहो बाबा, तो हैदराबादला गेलाय. आणि काय सांगू तुम्हाला, ते यंत्र तुम्हाला दिल्यापासून सगळं विसरतो. गॅसचा नंबर लावायला विसरला, माझ्या बहिणीचा वाढदिवस विसरला. कंपनीतून नवीन मिळणार होतं, ते काही मिळेना. वैतागून म्हणत असतो, चुकलंच माझं, तेच ठेवायला हवं होतं.

मी हसलो. विचारलं, माझी पत्रं मिळतात ना? ती म्हणाली, कुठली पत्रं, बाबा?

म्हणजे तुषार तिला दाखवत नाही. बापलेकांतलं खाजगी आहे, बरोबरच आहे.

२७ डिसेंबर, रविवार

आवक क्र. ६. पाहिले.

१ जानेवारी १९९९

नवीन वर्षाचं ग्रीटिंग आलं. कंपनीचं, छापील. पत्ता टाइप केलेला, नाव 'मि. व्ही. तोडणकर'. सही तुषारची आहे. भिंगाखाली पाहिली, शाईची आहे, शिक्का नाही.

नव्या वर्षाचा संकल्प: यंत्राचा रोज एक तास अभ्यास.

३ जानेवारी, रविवार. सकाळी ११

काल संध्याकाळपासून काचेवर बॅटरीचं चित्र रिकामं दिसत होतं. समाधानला बोलावलं. तो पावणेनऊला नवे सेल घेऊन आला. म्हणाला, काका, सेल बदलायला एक मिनिटाच्या वर टाइम लागला तर आतलं सगळं साफ होऊन जाईल. त्याने श्वास रोखून दोन्ही सेल बदलले. काच उजळली. मी चहा टाकायला उठलो आणि नऊ वाजले.

यंत्र त्याच्या हातात होतं. मी आतून ओरडलो, ओके कर, ओके. पण तो मशिनीवरची प्रत्येक पाटी वाचणारा माणूस. मोठ्याने वाचलं. कॉल बाबा. फाइव्ह मिनिट. आस्क: बी.पी., नी, बाई. रिपीट एव्हरी संडे.

मग म्हणाला, काका, हा तर तुम्हाला फोन लावायचा अलारम शे. तुषारभाऊंचा राहून गेला असेल आत. तुम्ही तुम्हालाच कसा फोन लावणार? आणि हसला. माझ्याकडे पाहून मध्येच थांबला.

मी म्हणालो, ही आमची सरकारी पद्धत आहे, तुला नाही कळायची. तो म्हणाला, हो, काका, तसंच असेल. चहा उभ्यानेच प्याला.

दुपारी ४

समाधानच्या बायकोने, चंदाने, वाटीभर शेवभाजी पाठवली. कारण समजलं नाही. आज सण नाही.

रजिस्टर काढून बसलो आहे. सात आवक. सातही 'पाहिले'. एकही मी स्वतः वाचलेलं नाही.

बी.पी., गुडघा, बाई. याच क्रमाने विचारायचा. बाई येते ना वेळेवर, असं म्हणाला की मला कळायचं की आता फोन ठेवणार. मला वाटायचं आम्हा बापलेकांची ती रीत पडली आहे.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे दुसरं कोणी वाचत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

४ जानेवारी

शांतपणे विचार केला. ऑफिसात आपण स्मरणपत्र कशाचं काढतो? महत्त्वाच्या प्रकरणाचं. फालतू प्रकरणाला कोणी स्मरणपत्र काढत नाही, ते सरळ कपाटात जातं. मुलाने माझं स्मरणपत्र काढलं होतं. दर आठवड्याचं! आमच्या साहेबांनी मंत्रालयाचंसुद्धा दर आठवड्याचं काढलेलं नाही.

आणि बाकीचं सगळं पुसताना नेमकं हेच राहिलं. याला काहीतरी अर्थ असला पाहिजे.

रजिस्टरमध्ये 'कोणाकडून' या रकान्यात सातही ठिकाणी तुषारचं नाव खोडलं. त्याजागी काय लिहायचं ते मात्र सुचलं नाही. रकाना कोरा ठेवला.

६ जानेवारी

तुषारला फोन करून सांगावं का? तीनदा नंबर फिरवायला घेतला. काय सांगणार? मला फोन करायचं लक्षात ठेव, हे बापाने सांगायचं नसतं. सांगितलं तर येत्या रविवारी येईल फोन, नक्की येईल. पण तो सांगितल्यामुळे आलेला असेल. यंत्राने सांगितलेलं चालतं, मी सांगितलेलं चालणार नाही. हा फरक मला नीट मांडता येत नाही, पण आहे.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, इंटरनेट काय म्हणतंय? म्हटलं, सध्या लाइनचं काम चालू आहे.

९ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ६

निर्णय झाला. यंत्र परत पाठवायचं. कारण: दमणगंगेकाठची दमट हवा नाजूक यंत्राला मानवत नाही. दुसरं कारण नाही.

सोबतच्या पत्राचा मसुदा चारदा केला. अंतिम: 'चि. तुषार यास अनेक आशीर्वाद. यंत्र उत्तम आहे. मी पूर्ण शिकलो. परंतु माझं काम आता कागदावरच भागतं आणि तुझी अडचण होते असं सूनबाईकडून समजलं, म्हणून परत पाठवत आहे. आत काही पुसलेलं नाही. सेल नवीन आहेत, दोन जास्तीचे सोबत ठेवले आहेत. लगेच वापरायला घ्यावं. गुडघा उत्तम. बाई वेळेवर येते.'

शेवटची दोन वाक्यं खोडली. ती त्याने विचारायची आहेत.

समाधानने कारखान्यातून पुठ्ठ्याचा खोका आणि धाग्याच्या कोनांवरचा फोम आणून दिला. कशाला, ते विचारलं नाही. फक्त म्हणाला, काका, रविवारी आमच्याकडे जेवायला या. चंदाने सांगितलंय. मी म्हटलं, नऊनंतर पाहू.

संध्याकाळी ७.३०

पॅक करण्याआधी एक काम उरलं होतं. कॅलेंडर उघडलं, रविवार काढला, नऊची ओळ टोचली. चष्मा लावून सगळं वाचलं. मग 'फाइव्ह'च्या जागचा पाचाचा आकडा पुसला आणि काडीने खालच्या पट्टीत एक काढला, त्याच्यापुढे शून्य.

दोन महिन्यांत यंत्राने माझं अक्षर पहिल्यांदाच ओळखलं. आता पाचाची दहा मिनिटं झाली आहेत. वीस करावीत असं मनात आलं होतं, पण वीस त्याच्या लक्षात आली असती.

उद्या रविवार, पोस्ट बंद. पार्सल सोमवारी जाईल. म्हणजे एकदा अजून इथेच वाजेल.