दुसरा डोळा

प्रिय सिस्टरबाई,

भट्टी पेटली होती, पाणी तापत आलं होतं आणि मी दोरीवरून आदल्या दिवशीच्या सुताच्या लडी उतरवत होते. खोलीभर अशी वाफ की हे आत वावरायचे तर पाण्याखाली चालल्यासारखे दिसायचे. यांनी एक ओली लडी खिडकीशी धरली आणि हाक मारली, “अगं, बघ जरा, रंग कसा उतरलाय?” मी म्हटलं, निळा, पण जरा गढूळ. “झालं तर मग,” म्हणाले आणि लडी पुन्हा बुडवली. शेवटची काही वर्षं सगळ्या सकाळी अशाच उगवल्या. एकदा मी विचारलंसुद्धा, इतकी वर्षं एकट्यानं ठरवलंत, आता मी कशाला? म्हणाले, “रंगकामाचा नियमच आहे. रंगारी मुरला की त्याला दुसरा डोळा लागतो.” मी काय फुशारले होते म्हणून सांगू! हातातलं काम टाकून धावायची.

वाचनालयातल्या आपल्या लिहिणाऱ्यांच्या मंडळात ठरलं, ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला द्यायचं. तू मला तापाचा वॉर्ड दिलास. नाहीतर माझ्या गोष्टीतली बाई मी दोन ओळींत मारून मोकळी झाले होते. तुझ्यामुळे बिचारी आठवडाभर नीट आजारी तरी पडली. मी तुझ्या कादंबरीतल्या रंगाऱ्यासाठी होतं नव्हतं ते दिलं. लडी कशी पिळायची, ओला रंग वाळल्यावर फिका पडतो म्हणून आधीच गडद कसा ठेवायचा. आणि हा नियम. त्यावर तू अख्खं प्रकरण उभं केलंस.

मग तुझं पत्र आलं. निळ्या-काळ्यात ते चुकायचे का? दिव्याभोवती वलय दिसतं म्हणायचे का? तपेलं उचलण्याआधी काठ चाचपायचे का? तिन्हींना हो. खाली तू लिहिलं होतंस, “मला मोतीबिंदू वाटतो गं. छापायला देण्याआधी तो नियम खरा आहे का, तेवढं बघ.”

तुझा फार राग आला, मग माझाच. चार पुस्तकं वाचून शहाणी झालेली मी, रोज यांच्यासमोर उभी राहून रंग सांगत होते आणि यांच्या डोळ्यांत एकदाही बघितलं नाही. उपाय होता त्यावर. पण रंगाऱ्याला रंग दिसत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक फिरकलं नसतं, आणि मी तर त्यांना घरीच बसवलं असतं, म्हणून लपवलं यांनी. पुढे ते हृदयानं गेले. डोळ्यांचं राहूनच गेलं.

तुझ्या कादंबरीसाठी छपाईवाला थांबलाय, म्हणून हे लिहितेय. प्रकरण काढू नकोस. तुझ्या रंगाऱ्याला तो खोटा नियम सांगू दे, पण त्याच्या बायकोला कळू दे. मला ते गेल्यावर चार वर्षं लागली. तिला तो नियम ऐकला त्याच सकाळी कळू दे, आणि तरी तिनं धावत जाऊन रंग सांगावा. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुलापलीकडच्या म्हाताऱ्या रंगाऱ्याकडे गेले आणि असा काही नियम आहे का, ते विचारलं. “छे हो वहिनी,” तो हसला, “कुणी सांगितलं तुम्हाला?” मी यांचं नाव सांगितलं नाही. चालत घरी आले.

तुझीच,
रंगाऱ्याघरची